छोट्या स्पर्धेचं परीक्षण कसं करावं?

आपल्यासारख्या छोट्या गटात ऑनलाइन कवितास्पर्धा झाली, की परीक्षक बहुतेकांना ओळखत असतो. कवितांवरची नावं काढली तरी पंधरा-वीस जणांत शैलीवरून माणूस कळतोच. म्हणून मला वाटतं, निःपक्षपातीपणाची तयारी कविता हातात येण्याआधीच करायला हवी.

पहिलं, निकष आधी सांगा. ‘शुद्ध भाषा’ हा निकष असेल, तर कोंकणी शब्दांसाठी गुण कापणार का, तेही स्पष्ट करा. १६१६ साली गोव्यात छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’तही कोंकणी शब्द आहेत. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलीला हा नियम निकालानंतर कळला, तर ती पुन्हा कविता पाठवेल का?

दुसरं, गुणांची नुसती बेरीज नको. समजा, तीन परीक्षकांनी एका कवितेला ९, ६, ६ आणि दुसरीला ३, ७, ७ गुण दिले. बेरीज २१ आणि १७, म्हणजे पहिली जिंकली. पण तिघांपैकी दोघांना दुसरी जास्त आवडली होती! एकट्याच्या टोकाच्या गुणांनी निकाल फिरला. त्याऐवजी प्रत्येकाने क्रम लावावा आणि क्रमांकांची बेरीज करावी. पहिलीची होते ५, दुसरीची ४. जिची बेरीज कमी, ती वर.

तिसरं, जवळचं कुणी स्पर्धेत असेल तर परीक्षकाने सरळ बाजूला व्हावं.

आणि प्रत्येक कवितेवर दोन ओळींचा अभिप्राय द्यावाच. बक्षीस न मिळालेल्यालाही पुढची कविता लिहायची असते.