खांदशेकणी बैलाची, मालिश कुत्र्याची

श्रोतेहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदशेकणी करतो. कारंजा-घाडगे, आर्वी, आष्टी हा तर गवळाऊ बैलांचा मुलूख. जू वाहून दुखावलेल्या खांद्याला हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानानं शेक द्यायचा. मुक्या जनावराचंही अंग दुखतं आणि माणसाच्या हातानं त्याला आराम पडतो, हे वाडवडिलांना पुस्तकावाचून ठाऊक होतं. मग रात्रभर संत्र्याचा बगीचा राखणारा म्हातारा कुत्रा सकाळी उठताना अडखळतो, तेव्हा ‘वय झालं’ म्हणून आपण गप्प का बसतो?

त्याचं होतं असं. कुत्र्याच्या वजनाचा शंभरातला सुमारे साठ भाग मुळातच पुढच्या पायांवर असतो. मागचा खुबा किंवा गुडघा झिजला, की तो आणखी भार पुढे टाकतो. मान आणि खांदे आखडतात. न वापरलेली मांडी मात्र वाळत जाते. मालिशनं झिजलेला सांधा नवा होत नाही, हे आधीच सांगतो. पण आखडलेले स्नायू सैल पडतात आणि चालणं थोडं सुकर होतं.

पद्धत सोपी आहे. कुत्र्याला पोत्यावर निवांत निजू द्या. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं आधी आपल्या मनगटाला लावून पाहा, मग त्याच्या मांडीवर पाच मिनिटं ठेवा. नंतर सपाट तळव्यानं मानेपासून कमरेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवा. प्रत्यक्ष कण्यावर दाब नको. पायावर हात खालून वर न्या. मांडी हलकेच मळा, कणीक मळतो तशी नव्हे! तेल-हळद इथे नको, कारण कुत्रा अंग चाटतो. त्यानं अंग ताठ केलं, वळून पाहिलं किंवा गुरगुरला, की थांबा. डोळे मिटले, तर समजा बरं वाटतंय. दहा मिनिटं पुरे. मग सावकाश चालवा.

आता महत्त्वाचं. कारंजा नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. गाडीचा धक्का लागला असेल, पाय सुजला असेल, जखम किंवा ताप असेल, पाय अचानक लुळा पडला असेल, तर चोळू नका. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. माणसाची दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नका. तिनं कुत्रा दगावू शकतो.

आणि गुरुजींनो, मुलांना एक जरूर बजावा. पिसाळण्याच्या रोगातही कुत्रा झोकांड्या खातो, जबडा लोंबतो, लाळ गळते. अशा किंवा अनोळखी कुत्र्याला दयेपोटीही हात लावायचा नाही. चावलाच, तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवून त्याच दिवशी लस घ्यायची.

घरच्या कुत्र्याला मात्र रोज दहा मिनिटं द्या. कुठे सूज आली, कुठे दुखतं, हे तुमच्या हाताला लवकर कळेल, आणि डॉक्टरांकडे वेळेवर जाता येईल.