सांभाळणाऱ्यांची नोकरी

सिंधुदुर्गात शिक्षिकेची बदली म्हणजे नुसती शाळा बदलणे नव्हे. मालवणच्या किनाऱ्यावरून दोडामार्ग किंवा वैभववाडीच्या डोंगराकडच्या वाडीत नेमणूक झाली, की घरातल्या दिव्यांग मुलाचे उपचार, त्याची शाळा, त्याला ओळखणारे शेजारी, सगळेच एका आदेशाने तुटते. अपंगत्व मुलाचे, पण नोकरीत त्याची झळ आईला.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात या आईसाठी काहीच नव्हते. केंद्राने 2008 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांची बालसंगोपन रजा दिली आणि 6 जून 2014 रोजी दिव्यांग मुलाला सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट दिली. 2018 मध्ये त्यात जोडीदार, आईवडील, भावंडेही आली. राज्यात ग्रामविकास विभागाच्या 27 फेब्रुवारी 2017 च्या बदली धोरणाने मतिमंद मुलांच्या पालकांना ‘विशेष संवर्ग भाग एक’मध्ये घेतले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा मोठाच आधार.

तरीही या सगळ्या सवलती. हक्काची भाषा बोलले युरोपीय न्यायालय. लंडनच्या एका वकिली कार्यालयात सचिव असलेल्या शेरॉन कोलमन यांनी दिव्यांग मुलामुळे कामावर वाईट वागणूक मिळाल्याची तक्रार केली होती. 17 जुलै 2008 च्या निकालाने ठरवले, की कर्मचारी स्वतः दिव्यांग नसला तरी मुलाच्या अपंगत्वावरून त्याला त्रास देणे हा भेदभावच आहे.

आपल्याकडे 22 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालय याच्या जवळ आले. हिमाचलमधल्या प्राध्यापिका शालिनी धर्मानी यांच्या मुलाला हाडे ठिसूळ करणारा जनुकीय आजार. राज्याने बालसंगोपन रजेचा नियमच स्वीकारला नव्हता. नोकरीतला स्त्रियांचा सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेने दिलेला हक्क आहे, असे न्यायालयाने बजावले आणि राज्याला धोरण तपासायला लावले.

मालवणच्या हॉटेलात राबणारी किंवा वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात जाणारी आई यातल्या कशातच बसत नाही. तिला ना ती रजा, ना बदलीचा संवर्ग. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा ‘काळजीवाहक’ कोण हे सांगतो, पण नोकरीतल्या भेदभावाला मनाई करणारे त्याचे कलम 20 दिव्यांग व्यक्तीपुरते, तेही सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. संसदेने या कलमात काळजीवाहकाचा समावेश करावा आणि ते खासगी मालकांनाही लागू करावे.