उशिराच्या अर्जाची किंमत

‘कॅट’चे अर्ज साधारणतः सप्टेंबरात बंद होतात, परीक्षा नोव्हेंबरअखेर होते. जून उजाडेपर्यंत उरतात त्या बहुधा खासगी व्यवस्थापन संस्थांच्या रिकाम्या जागा. नोकरी सुटल्यावर मी त्याच सुमारास अर्ज केला. दोन दिवसांत प्रवेश मिळाला. अट एकच, शुल्क तत्काळ भरा, मूळ प्रमाणपत्रे जमा करा. घाई माझ्याइतकीच त्यांनाही होती, हे तेव्हा उमगले नाही. वर्ग सुरू होण्याआधीच मी जागा सोडली, तर ‘शुल्क परत मिळणार नाही’ असे उत्तर आले. वास्तविक अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा मान्यताप्राप्त संस्थांसाठीचा नियम स्पष्ट आहे: अशा वेळी फार तर १,००० रुपये कापून उर्वरित रक्कम परत करावी, प्रमाणपत्रे अडवू नयेत. तो नियम जोडून मी पत्र धाडले. प्रमाणपत्रे आठवड्यात आली. पैशांना दिवाळी उजाडली.