मीटरचा काटा खरं बोलतोय ना?

मळणीचे दिवस आले की गटाचा ट्रॅक्टर एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर फिरतो. तेव्हा समोरच्या आरपीएम मीटरकडे आपलं लक्ष असतं का? इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, ते हा काटा दाखवतो. काटा १५ वर असेल आणि मीटरवर ‘×१००’ लिहिलेलं असेल, तर फेरे झाले १५००.

पुष्कळ मळणी यंत्रं पीटीओच्या ५४० फेऱ्यांवर चालतात. त्यासाठी इंजिनची रेस किती हवी, त्याची खूण बहुतेक मीटरवर असते. रेस जास्त झाली तर दाणा फुटतो, कमी पडली तर कणसात दाणा राहतो. केबलच्या मीटरमध्ये तासांचे आकडेही त्याच केबलवर फिरतात. केबल तुटली की तास थांबतात आणि ऑइल बदलायची वेळ चुकते. हळू रेसवर हे तास घड्याळापेक्षा कमी भरतात. म्हणून भाडं मीटरवर घ्यायचं की घड्याळावर, हे आधीच ठरवू या.

आता तपासणी. इंजिन बंद असताना काटा शून्यावर हवा. मग मोकळ्या जागी ब्रेक लावून, गिअर न्यूट्रलला आणि पीटीओ बंद ठेवून इंजिन सुरू करा. रेस हळूहळू वाढवा. आवाजाबरोबर काटाही सरळ चढला पाहिजे.

काटा थरथरत असेल तर केबल कुठे मुडपली आहे का, कोरडी पडली आहे का ते बघा. काटा हलतच नसेल तर इंजिन बंद करून मीटरमागची केबल सोडवा. इंजिन सुरू केल्यावर आतली तार फिरत असेल तर दोष मीटरचा. फिरत नसेल तर केबल तुटली आहे, किंवा ती फिरवणारा गिअर खराब आहे.

वायरवरच्या मीटरचा आधी फ्यूज, मग जोड आणि अर्थिंग बघा. बॅटरीचा दिवाही पेटला असेल तर अल्टरनेटरचा पट्टा सैल किंवा तुटलेला असू शकतो.

काटा हलतो, पण आकड्याची शंका येते? मेकॅनिककडून हातातल्या आरपीएम मीटरने फेरे मोजून घ्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. इंजिन चालू असताना फिरत्या शाफ्टजवळ आणि पट्ट्याजवळ जायचं नाही. पदर खोचलेला, ओढणी बांधलेली, वेणी वर घेतलेली हवी. मळणी उद्यावर गेली तरी चालेल, पण आपली मैत्रीण धडधाकट घरी गेली पाहिजे.