वाळवंटात एकट्याने जाताना

ओळखीचे एक निवृत्त शिक्षक परवा दवाखान्यात आले. रक्तदाब तपासून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर, आमचा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. येत्या मे महिन्यात सुटी घेऊन एकटाच मोटार चालवत वाळवंटात निघालाय. रात्री तंबूत राहणार म्हणतो. तेव्हापासून हिच्या डोळ्याला डोळा नाही. त्याला काय सांगू?"

आज तालुक्याच्या गावांतील मुले-मुलीही अमेरिकेत आहेत आणि तिकडे अशा सहली पुष्कळ जण करतात. म्हणून गुरुजींना जे सांगितले, ते येथे थोडे विस्ताराने देत आहे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन, ग्रँड कॅनियन, कॅनियनलँड्स अशी राष्ट्रीय उद्याने आहेत. उद्यान म्हटले की आपल्याला नगरपालिकेची बाग आठवते. येथे मात्र मैलोगणती खडक, वाळू आणि काटेरी झुडपे. जोशुआ ट्रीमधील बहुतेक मुक्कामांच्या जागी पाण्याचा नळही नाही. डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर ही जागा समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. त्याच खोऱ्यात फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. जगातील सर्वाधिक तापमान म्हणून हीच नोंद मानली जाते. उद्यानाच्या बऱ्याच भागात मोबाईलही चालत नाही.

न दिसणारा घाम

उन्हात आपले शरीर घामाच्या साह्याने थंड राहते. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. कोकणातील दमट हवेत घाम निथळतो, म्हणून तो कळतो. वाळवंटातील कोरड्या हवेत तो येताक्षणी वाळतो. सदरा कोरडाच राहतो आणि माणसाला वाटते, आपल्याला घाम येतच नाही. प्रत्यक्षात उन्हात चालताना तासाला लिटरभर पाणी अंगातून सहज जाते. तहान ही त्याची उशिरा मिळणारी सूचना आहे. त्याआधीची खूण म्हणजे लघवी. ती गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली की शरीरात पाणी कमी पडले असे समजावे.

डेथ व्हॅलीत माणशी, दिवसाला किमान चार लिटर पाणी प्यावे, असे उद्यानाचे अधिकारी सांगतात. चालायचे असेल तर त्याहून अधिक लागते. मोटारीत याशिवाय जादा पाणी हवे.

मात्र नुसते पाणी ढोसणेही घातक ठरते. घामातून मीठही जाते. ते न भरता पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते. मग डोके दुखते, मळमळते, माणूस बरळतो, प्रसंगी झटकेही येतात. ग्रँड कॅनियनमध्ये असे रुग्ण आढळलेले आहेत. म्हणून पाणी घोट-घोट प्यावे आणि बरोबर खारे शेंगदाणे, चिवडा असे काही खात राहावे. जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा.

एकट्याचा खरा धोका

उन्हाचा त्रास पायरीपायरीने वाढतो. आधी पायात गोळे, मग थकवा, चक्कर, उलटी. या वेळी सावलीत बसून, अंग ओले करून, मीठ-साखरेचे पाणी घेतल्यास बहुधा माणूस सावरतो. पुढची पायरी उष्माघाताची. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदू गोंधळतो. माणूस असंबद्ध बोलतो, भलत्याच दिशेला चालू लागतो. तेव्हा अंगावर पाणी ओतून वारा घालणे आणि तातडीने इस्पितळ गाठणे, याला पर्याय नसतो.

बरोबर कोणी असले तर तो म्हणतो, "अरे, तू काय बडबडतोस? बस आधी खाली." एकट्याला हे सांगणारे कोणी नाही. आपली बुद्धी ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? तर त्याच उन्हाने ग्रासलेल्या बुद्धीने! म्हणून एकट्याने जाणाऱ्याने महत्त्वाचे निर्णय घरूनच, डोके शांत असताना करून निघावे आणि वाटेत ते बदलू नयेत.

उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालायचे नाही. निम्मे पाणी संपण्याआधीच परत फिरायचे. ग्रँड कॅनियनमध्ये उतरण सोपी असते, पण खाली उष्मा वाढत जातो आणि चढून यायला सुमारे दुप्पट वेळ लागतो. मोटार बंद पडली तर ती सोडून जायचे नाही. तिची सावली मिळते आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा मोटार लवकर दिसते. डुलकी येऊ लागली तर गाडी सुरक्षित जागी थांबवून झोप काढायची.

रात्रीचेही काही नियम आहेत. वाळवंट रात्री झपाट्याने गार होते, हिवाळ्यात पाणी गोठते. तरीही तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड हा वायू वास न येता झोपेतच जीव घेतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नये. २० ऑगस्ट २०२३ रोजी डेथ व्हॅलीत वर्षभराच्या सरासरीपेक्षा जास्त पाऊस एका दिवसात पडला. सकाळी बूट झटकूनच घालावेत, आत विंचू असू शकतो.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. इन्सुलिन तापलेल्या मोटारीत ठेवल्यास निकामी होते.

एक कागद

२००३ सालच्या एप्रिलमध्ये ॲरन रॅल्स्टन हा २७ वर्षांचा गिर्यारोहक युटा राज्यात कॅनियनलँड्सजवळच्या एका अरुंद घळीत एकटाच उतरला. मोठा दगड सरकून त्याचा उजवा हात अडकला. पाणी अगदी थोडे होते. आपण कोठे जातो आहोत हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला. त्यावरील २०१० च्या '१२७ अवर्स' या चित्रपटाला आपल्या ए. आर. रहमान यांचे संगीत आहे. लोकांना त्याचे धैर्य आठवते. डॉक्टर म्हणून मला वाटते, एका चिठ्ठीने त्याचा शोध कितीतरी आधी सुरू झाला असता.

गुरुजींना म्हटले, "मुलाला जाऊ नको म्हणू नका. मे महिन्याऐवजी नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा, एवढे सुचवून पाहा. आणि त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या. कोणत्या तारखेला कोठे मुक्काम, गाडीचा क्रमांक, कोठे चालायला जाणार, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. कागद तिकडच्या एका भरवशाच्या मित्राकडे राहू द्या, कारण तिकडचा ९११ हा मदतीचा क्रमांक येथून लागत नाही. एक प्रत तुमच्याकडे ठेवा."

चार दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. मुलाने बेत नोव्हेंबरवर ढकलला होता. कागदही पाठवला होता. बाईंनी तो देवघराशेजारच्या कॅलेंडरला टाचून ठेवला आहे. गुरुजींचा स्वतःचा रक्तदाबही त्या दिवशी बराच खाली आला होता.