ओढ्यावरून परत आणलेला जीव

गोंडांच्या जुन्या रीतीत माणूस मेल्यावरचे काम मातीने संपत नाही. गेलेल्याचा जीव घरी परत आणावा लागतो. भंडारा जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रांतात मोडत होता, तिथल्या जातिजमातींची माहिती आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत छापली. गोंडांवरील प्रकरणात हा विधी आला आहे. घरची माणसे जवळच्या ओढ्यावर किंवा नदीवर जातात, मृताला नाव घेऊन हाका मारतात, पाण्यात उतरून एखादा मासा किंवा किडा धरतात आणि तो घरी आणून पूर्वजांच्या जागी ठेवतात. झाले, जीव घरी आला. कुठे कुठे तो मासा खाऊनही टाकत. गेलेला माणूस त्याच घरात मूल होऊन येईल, असा त्यामागचा भाव.

या विधीची सगळी मदार त्या माशावर आहे. जीव डोळ्यांना दिसत नाही, हाकेला तो ओ देत नाही. आला की नाही हे ठरवायचे कसे? ओंजळीत काहीतरी वळवळले की प्रश्न मिटतो. मासा नसला तर किडाही चालतो, ही सवलत फार शहाणपणाची आहे. उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यावरून कोणाला रिकाम्या हाताने परतावे लागू नये.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ साली ग्रंथ लिहिला. त्यात दोन गोष्टी वेगळ्या दाखवल्या आहेत: देवाकडून आलेला आणि देवाकडे परतणारा ‘जीव’, आणि मेलेल्या माणसाचे माणूसपण सांभाळणारा ‘सानाल’. विधी करून पर्सापेनाशी, म्हणजे कुळाच्या थोर देवाशी, जोडायचा तो सानाल.

सायबेरियातल्या शामनांची रीत निराळी. तिथे आजारी, पण जिवंत माणसाचा हरवलेला आत्मा शोधायला शामन डफाच्या ठेक्यावर परलोकात जातो. सँड्रा इंगरमन यांच्या १९९१ च्या पुस्तकाने हीच कल्पना अमेरिकेत मानसिक आघातावरचा उपचार म्हणून रुजवली. ओढ्यावरच्या विधीत आजारी कोणी नसते, परलोकाची वारी नसते. घरचेच लोक पाण्यात उतरतात. दिलासा मिळतो तो मागे राहिलेल्यांना. ‘जीव उडाला’, ‘जीवात जीव आला’ असे रोज म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातले फार काही परके वाटू नये.

अडचण सुरू होते ती जिवंत माणसाच्या दुखण्यापाशी. ‘बाहेरचे झाले’ म्हणून रोग्याला आधी भगताकडे नेले जाते आणि तापात, फेफऱ्यात, उदासीनतेत मोलाचे दिवस जातात. सर्पदंशात तर घटकाही पुष्कळ झाल्या, आणि भंडारा हा धानाच्या बांध्यांचा, म्हणजे साप चावण्याची भीती असलेला जिल्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. ओढ्यावरून मासा आणणे त्याच्या अनुसूचीत बसत नाही. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे मात्र बसते. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे.