विवाहाचा संस्कार आणि विवाहाचा कायदा

समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता मिळूं नये, असें बहुतेक ख्रिस्ती धर्मसंस्थांचें मत आहे, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु हा विरोध नेमका कशास आहे, सर्व ख्रिस्ती मंडळींचें त्यांत एकमत आहे काय, आणि धर्माचा नियम व राज्याचा कायदा यांची सीमारेषा कोठें पडते, याचा शांतपणें विचार क्वचितच होतो. नागपूरकरांस तरी हा विषय परका नाहीं. सहा पंथांच्या ऐक्यानें ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालें तें याच शहरांत, २९ नोव्हेंबर १९७० रोजीं. भारतांतील प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचें मुख्य कार्यालयहि येथेंच आहे, आणि रोमन कॅथलिक आर्चबिशपचें पीठहि येथें आहे.

प्रथम विरोधाचें धार्मिक मूळ पाहूं. बायबलाच्या आरंभींच्या उत्पत्ति या ग्रंथांत देवानें मनुष्यास नर व नारी असें निर्माण केल्याचें सांगितलें आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत सूटपत्राविषयीं प्रश्न आला, तेव्हां येशूनें त्याच वचनाचा आधार घेतला. म्हणून विवाह ही माणसांनीं आपल्या सोयीसाठीं केलेली व्यवस्था नव्हे, तर निर्मितीच्या वेळींच ठरलेला क्रम आहे, असें परंपरावादी ख्रिस्ती मानतात. कॅथलिक पंथांत विवाह हा सात संस्कारांपैकीं एक असून, परस्परप्रेम व अपत्यप्राप्ति हे त्याचे दोन हेतु परस्परांपासून तोडतां येत नाहींत, अशी शिकवण आहे. प्रॉटेस्टंट पंथ विवाहाची गणना अशा संस्कारांत करीत नाहींत. त्यांचा भर मुख्यतः शास्त्रवचनावर आहे.

येथें कोणी विचारील, कीं धर्मानें आपल्या अनुयायांसाठीं नियम करावा हें ठीक. परंतु सर्वांसाठीं असलेल्या कायद्यासहि विरोध कां? याचें उत्तर व्हॅटिकननें २००३ सालीं एका पत्रकांत दिलें. स्त्रीपुरुषांचा विवाह हें केवळ धर्माचें नव्हे, तर मनुष्यमात्राच्या बुद्धीस पटणारें सत्य आहे. कुटुंब व संतति यांचें रक्षण हें राज्याचें काम आहे. म्हणून राज्यानेंहि विवाहाची व्याख्या बदलूं नये, असा तो युक्तिवाद आहे.

मात्र विवाहास विरोध आणि शिक्षेस पाठिंबा या दोन भिन्न गोष्टी आहेत. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००९ सालीं दंडसंहितेचें ३७७ वें कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें रद्द ठरविलें. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलेल्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिलसारख्या ख्रिस्ती संस्था होत्या, आणि डिसेंबर २०१३ मध्यें तो निर्णय फिरला. त्याच वेळीं मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनीं, कॅथलिक धर्मसभा समलिंगी व्यक्तींस गुन्हेगार मानीत नाहीं, विरोध आहे तो विवाहाच्या मान्यतेस, असें स्पष्ट केलें. पुढें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंच असे संबंध गुन्ह्यांतून वगळले.

आतां कायद्याकडे वळूं. भारतांत ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्यानें होतात. हिंदु विवाहांत मंत्र म्हणणारे भटजी हे सरकारचे अधिकारी नसतात. ख्रिस्ती विवाहांत मात्र पाळक किंवा धर्मगुरु विवाहविधीबरोबर कायद्याचेंहि काम करतो. त्यानें ठेवलेली नोंद ही सरकारी नोंद ठरते. म्हणूनच धर्मगुरूंस भीति वाटते, कीं उद्यां व्याख्या बदलली तर आपल्या सदसद्विवेकाविरुद्ध विधि करण्याची सक्ति होईल. ही भीति समजण्याजोगी आहे. परंतु तिचें उत्तरहि त्याच कायद्यांत आहे. पाळकानें विवाह लावावा तो आपल्या मंडळीच्या नियमांनुसार व रीतींनुसार, असें त्यांत म्हटलें आहे. आजहि न्यायालयानें घटस्फोट दिला तरी पहिला धार्मिक विवाह कायम असतां कॅथलिक धर्मगुरु दुसरा विवाह लावीत नाहीं, आणि त्यास कोणी सक्ति करीत नाहीं. उलट, धर्मन्यायालयानें विवाह रद्द ठरविला तरी कायद्याच्या दृष्टीनें तो रद्द होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं सांगितलें. म्हणजे संस्कार व कायदा हे पूर्वींच वेगळे झालेले आहेत. इंग्लंडनें २०१३ सालीं समलिंगी विवाहाचा कायदा करतांना तेथील प्रस्थापित चर्चच्या धर्मगुरूंवर असे विवाह लावण्याचें बंधन ठेवलें नाहीं.

२०२३ च्या एप्रिल व मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें दहा दिवस जो वाद चालला, तोहि वस्तुतः ख्रिस्ती विवाहाचा नव्हता. कोणत्याहि धर्माच्या वैयक्तिक कायद्यांत न शिरतां, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरता विचार करण्याचें न्यायालयानें ठरविलें होतें. १७ ऑक्टोबर रोजीं निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाहीं व तो कायदा न्यायालयास बदलतां येत नाहीं, याविषयीं पांचहि न्यायमूर्तींचें एकमत झालें. विवाहाखेरीज अन्य स्वरूपाच्या सहजीवनास मान्यता देण्याविषयीं मात्र तीन विरुद्ध दोन असा मतभेद पडला. पुनर्विचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्यें फेटाळले गेले.

या वादांत कोणाचें काय पणास लागलें आहे? नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वाडी आहे. तेथील एखाद्या कारखान्यांत नोकरी करणारा मनुष्य वीस वर्षें आपल्या सोबत्याबरोबर एका घरांत राहिला, अशी कल्पना करावी. तो आजारी पडला तर शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कोणी करावी? तो मृत्युपत्र न करतां वारला तर घर कोणाचें? कुटुंबनिवृत्तिवेतन कोणास? विवाहित जोडप्यास हे प्रश्न पडत नाहींत. सरकारनें २०२४ सालीं संयुक्त बँकखातें व शिधापत्रिका यांविषयीं कांहीं खुलासे केले. वारसा व निवृत्तिवेतन यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं. दुसऱ्या बाजूस, ज्या पाळकानें जन्मभर एक शिकवण मनापासून दिली, त्याची श्रद्धाहि थट्टेची गोष्ट नव्हे.

ख्रिस्ती समाजांतहि एकच सूर नाहीं. नागपूरच्या राष्ट्रीय परिषदेनें लैंगिक अल्पसंख्याकांविषयीं चर्चा व अभ्यास घडवून आणला आहे. तिच्या सर्व घटक मंडळ्यांस तो रुचला असें नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें व्हॅटिकननें समलिंगी जोडप्यांस अनौपचारिक आशीर्वाद देण्याची मुभा दिली, परंतु विवाहाची शिकवण तशीच ठेवली. आयर्लंडसारख्या कॅथलिक परंपरेच्या देशांत २०१५ सालीं जनतेनेंच मतदानानें असा विवाह मान्य केला.

तेव्हां या वादांत दोन प्रश्न वेगळे ठेवणें अगत्याचें आहे. देवळांत कोणाचा विवाह लावावा, हें त्या त्या मंडळीनें ठरवावयाचें. एकत्र राहणाऱ्या दोन नागरिकांस कोणते हक्क द्यावे, हें न्यायालयाच्या निर्णयानंतर संसदेनें ठरवावयाचें. पहिल्याचें उत्तर दुसऱ्यास लावलें, तर पाळकाचीहि भीति वाढते आणि वाडीच्या त्या घरांतील प्रश्नहि तसेच राहतात.